गिबन वाचणार असशील तर

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

साम्राज्यांवर लिहायचंय, म्हणून सुट्टीत गिबनच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाचे सहाही खंड संपवायचा बेत आहे, असं तू कळवलंस. जरूर संपव. पण सम्राटांच्या वंशावळी पाठ करत बसू नकोस. अठराव्या शतकातला हा इंग्रज इतिहासकार एडवर्ड गिबन कोणाचं ऐकतोय आणि कोणाला उत्तर देतोय, ते शोधत वाच.

रोमच्या आधी त्याने स्वित्झर्लंडचा इतिहास फ्रेंचमध्ये लिहायला घेतला होता. 1767 मध्ये लंडनमधल्या परदेशी मंडळींच्या एका साहित्यसभेत त्यातला भाग वाचला गेला. लेखक कोण हे सभेला ठाऊक नव्हतं, आणि गिबन तिथेच बसून टीका ऐकत होता. मत विरुद्ध गेलं. तत्त्वज्ञ आणि इतिहासकार डेव्हिड ह्यूमला ते लेखन तितकं वाईट वाटलं नाही, तरी गिबनने ते सोडलंच. रोममधल्या कॅपिटोल टेकडीवरच्या अवशेषांत बसून रोमवर लिहायचं सुचलं, ही त्याने स्वतः रंगवलेली गोष्ट सगळेच सांगतात. मला मात्र ही लंडनची बैठक जास्त महत्त्वाची वाटते. पुढे रोमचं पहिलं प्रकरण त्याने तीनदा लिहिलं.

पहिला खंड 1776 मध्ये निघाला तेव्हा टिपा शेवटी छापल्या होत्या. ह्यूम तेव्हा शेवटच्या आजारात होता. तरी त्याने प्रकाशकाला कळवलं, की पानं उलटून जीव मेटाकुटीला येतो, टिपा तळाशी घ्या. तसं झालं. आता वर भारदस्त वाक्य चालू असतं आणि खाली गिबन जुन्या लेखकांना चिमटे काढत असतो, मधूनच एखाद्याला मनापासून दादही देतो. म्हणून टिपा गाळलेली संक्षिप्त आवृत्ती विकत घेऊ नकोस. पैसे वाया जातील.

1774 मध्ये त्याला शब्दकोशकार डॉ. जॉन्सनच्या लंडनमधल्या क्लबात घेतलं. राजकारणी वक्ता बर्क, चित्रकार रेनॉल्ड्स, संस्कृतचा अभ्यासक विल्यम जोन्स अशी तिथली मंडळी. त्याच वर्षी तो पार्लमेंटात गेला आणि तिथे एकदाही भाषणाला उभा राहिला नाही. अमेरिका हातची जात होती, हा सरकारच्या बाजूने मत देत होता. 1779 मध्ये त्याला सरकारच्या व्यापार मंडळावर पगारी जागा मिळाली. त्याच वर्षाच्या जानेवारीत ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या फौजेने वडगावला मराठ्यांपुढे हात टेकले होते. रोमच्या फौजा का ढासळल्या हे लिहिणारा माणूस स्वतःच्या साम्राज्याबद्दल इतका गप्प का, हा प्रश्न मला तुझ्या प्रबंधात हवा आहे. पगारामुळे, असं एका ओळीत उत्तर देऊन मोकळी होऊ नकोस.

शेवटचे तीन खंड मे 1788 मध्ये निघाले. बंगालचा माजी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावरचा पार्लमेंटातला खटला त्याच वर्षी फेब्रुवारीत सुरू झाला होता. आरोप मांडणारा बर्क क्लबातलाच. नाटककार आणि खासदार शेरिडनही तिथलाच, त्याने खटल्यातल्या जूनमधल्या भाषणात गिबनचं नाव घेऊन स्तुती केली, तेव्हा गिबन समोर बसला होता. चौथा खंड उघडशील तेव्हा बर्कचं आरंभीचं भाषणही शेजारी ठेव, आणि आलटून पालटून वाच.