नवा हवामान उपग्रह दैनंदिन सेवेत यायला इतके महिने का लागतात?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. नव्या भूस्थिर, म्हणजे पृथ्वीबरोबरच फिरून आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या, हवामान उपग्रहाचे पहिले चित्र प्रक्षेपणानंतर काही आठवड्यांतच प्रसिद्ध झाले आणि ते जुन्या उपग्रहाच्या चित्रापेक्षा उघडच सरस दिसते, तरी त्याच्या डेटावर महिनोन्‌महिने ‘चाचणी टप्पा’ असा शिक्का का असतो, हा पहिला भाग. हा डेटा तुम्ही समुद्रपृष्ठाच्या तापमानाच्या अभ्यासात आत्ताच वापरावा का, हा दुसरा. हा उशीर कार्यालयीन दिरंगाईचा असावा, असे तुम्ही लिहिले आहे. उपग्रहांच्या अवरक्त (उष्णतेच्या अदृश्य किरणांच्या) मोजमापांची पडताळणी करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि त्या अनुभवावरून सांगतो की यातला बहुतेक वेळ कागदपत्रांत जात नाही. सूर्य, पृथ्वी आणि उपग्रह यांची परस्परस्थिती बदलण्याची वाट पाहण्यात तो जातो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. चित्र चांगले दिसणे आणि मोजमाप बरोबर असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उपग्रह तापमान मोजत नाही. ठरावीक तरंगलांबीच्या पट्ट्यात त्याच्या डिटेक्टरवर किती विकिरण पडले, एवढेच तो विद्युत संकेताच्या रूपात नोंदवतो. त्या संकेतावरून तापमान काढायचे तर दोन ओळखीच्या खुणा लागतात. एक म्हणजे सुमारे २.७ केल्विन इतकी थंड असलेली अवकाशाची पार्श्वभूमी, आणि दुसरी उपग्रहावरच बसवलेली कृष्णिका, म्हणजे ज्याचे तापमान सतत मोजले जाते असा काळा पृष्ठभाग. या दोन बिंदूंमधून जाणाऱ्या रेषेवर बाकीची सगळी मोजमापे बसवली जातात; यालाच अंशशोधन म्हणतात. कृष्णिकेचे तापमान अर्ध्या अंशाने चुकीचे वाचले गेले, तर समुद्राचे तापमानही जवळपास तेवढेच चुकते, पण चित्रात मात्र काहीच वावगे दिसत नाही. ढगांच्या कडा तितक्याच रेखीव, किनारे तितकेच ठसठशीत. पहिले चित्र यंत्र जिवंत असल्याचे सांगते, त्यापलीकडे फारसे काही नाही.

आता सूर्याकडे वळू. भूस्थिर उपग्रहाची दुर्बीण कायम पृथ्वीकडे रोखलेली असते. उपग्रहाच्या स्थानिक मध्यरात्री सूर्य पृथ्वीच्या पलीकडे असतो, आणि विषुवदिनांच्या, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरमधल्या समान दिवस-रात्रीच्या दिवसांच्या, आगेमागे काही आठवडे तो पृथ्वीच्या कडेवरून जवळजवळ थेट दुर्बिणीत डोकावतो. त्याच काळात उपग्रह रोज पृथ्वीच्या सावलीतूनही जातो. ही सावली विषुवदिनाच्या सुमारास एका वेळी ७० मिनिटांपर्यंत टिकते. त्या वेळी सौरपट्ट्यांतून काहीच वीज मिळत नाही, सगळा भार बॅटरीवर येतो, उपकरण थंड पडते आणि सावलीतून बाहेर येताच पुन्हा तापते. या तासांत कृष्णिका एका तापमानाला असते, पण तिच्याभोवतीचे भाग भलत्याच तापमानाला, आणि त्यांचे विकिरण तिच्यावरून परावर्तित होऊन डिटेक्टरवर पडते. परिणामी कृष्णिका आहे त्यापेक्षा जास्त तेजस्वी भासते आणि संपूर्ण अंशशोधन काही तासांपुरते सरकते. अमेरिकेच्या गोज या भूस्थिर हवामान उपग्रहांच्या मालिकेतील ८ ते १५ क्रमांकांच्या उपग्रहांत हा ‘मध्यरात्रीचा दोष’ चांगलाच परिचित होता आणि त्यासाठी स्वतंत्र दुरुस्तीपद्धत तयार करावी लागली होती. आता विचार करा, एखादा उपग्रह मे महिन्यात कक्षेत स्थिरावला, तर हा दोष त्याच्यात आहे की नाही, हे सप्टेंबर उजाडेपर्यंत कोण सांगू शकेल? जमिनीवरच्या निर्वात कक्षात उपकरण तापवून आणि गारठवून कसून तपासलेले असते, पण या परिस्थितीची हुबेहूब नक्कल तिथेही करता येत नाही.

चाचणीतच दोष उघड होण्याचे ठळक उदाहरण गोज-१७ चे आहे. १ मार्च २०१८ रोजी तो सोडला गेला आणि काही आठवड्यांतच लक्षात आले की मुख्य प्रतिमा-उपकरणाची उष्णता बाहेर टाकणारी नलिका-यंत्रणा नीट चालत नाही. अवरक्त डिटेक्टर सुमारे ६० केल्विनला ठेवायचे होते. वर्षातल्या काही काळात रात्री सूर्यप्रकाश उपकरणात शिरला की ते तापत आणि १६ पैकी १३ चॅनेलवर, म्हणजे तरंगलांबीच्या पट्ट्यांवर, त्याचा परिणाम होई. अभियंत्यांनी उपकरणाच्या कामाची पद्धत बदलली, अंशशोधनाची नवी रीत बसवली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये तो सेवेत आलाच. चाचणीकडे लोक उत्तीर्ण-अनुत्तीर्ण छापाची परीक्षा म्हणून पाहतात, ते मला पटत नाही. दोष सापडला म्हणून उपग्रह क्वचितच बाद होतो. तो दोष कोणत्या तासाला, कोणत्या ऋतूत, कोणत्या चॅनेलवर किती असतो, हे नेमके कळले की त्याच्यासह काम करता येते. शिवाय तो धडा पुढच्या उपग्रहाच्या उपयोगी पडतो. गोज-१८ साठी या यंत्रणेची रचना बदलण्यात आली.

दुसरा वेळखाऊ भाग स्वच्छतेचा आहे. प्रक्षेपणानंतर उष्णतारोधक आवरणांतून आणि इतर भागांतून पाण्याची वाफ व अन्य वायू सुटत राहतात, आणि ते नेमके सर्वात थंड पृष्ठभागांवर, म्हणजे अवरक्त उपकरणाच्या गाभ्यातच, जाऊन बसतात. म्हणून उपकरणाची झाकणे लगेच उघडत नाहीत; आतला भाग आधी मुद्दाम उबदार ठेवून ही वाफ जाऊ देतात, मग टप्प्याटप्प्याने थंड करतात. ऑक्टोबर २०११ मध्ये सोडलेल्या सुओमी एनपीपी या ध्रुवीय, म्हणजे ध्रुवांवरून फेऱ्या मारणाऱ्या, उपग्रहावर निराळीच गोष्ट घडली. त्याच्या प्रतिमा-उपकरणाची जवळ-अवरक्त चॅनेलमधली संवेदनक्षमता पहिल्याच महिन्यांत अपेक्षेपेक्षा वेगाने घसरू लागली. शोधाअंती आरशांवर टंगस्टन ऑक्साइडचा अंश आढळला. सूर्याच्या अतिनील किरणांनी तो काळवंडत होता. ही घसरण कालांतराने मंदावणार, असे गणिताने सांगितले आणि तसेच झाले. सूर्यप्रकाशाच्या आधारे नियमित अंशशोधन होत असल्याने ती भरूनही काढता आली. सुरुवातीच्या त्या बारकाईच्या नोंदी नसत्या, तर वनस्पती आणि सागरी रंगाच्या कितीतरी मोजमापांत खोटी घट दिसत राहिली असती.

स्थाननिश्चितीची चाचणी लोकांना किरकोळ वाटते, पण मला ती फार महत्त्वाची वाटते. एक साधा हिशेब करून पाहू. अवरक्त चित्राचा एक ठिपका उपग्रहाच्या बरोबर खाली सुमारे २ किलोमीटरचा आणि दोन चित्रांमध्ये १० मिनिटांचे अंतर, असे समजा. दुसरे चित्र एका ठिपक्याने सरकलेले असेल, तर जागच्या जागी स्थिर असलेला ढगही सेकंदाला ३.३ मीटर, म्हणजे ताशी १२ किलोमीटर वेगाने जाताना दिसेल. ढगांच्या हालचालीवरून काढलेले वारे हवामान प्रारूपांना (अंदाज काढणाऱ्या संगणकीय गणितांना) दिले जातात, तेव्हा ही चूक थेट अंदाजात उतरते. ३५,७८६ किलोमीटर उंचीवरून २ किलोमीटर म्हणजे एका अंशाचा सुमारे तीनशेवा भाग. सौरपट्ट्यांची सूक्ष्म थरथर किंवा उपकरणाच्या चौकटीचे तापमानामुळे होणारे प्रसरण तेवढ्याला पुरे होते. तुम्हाला हे स्वतः पाहायचे असेल, तर निरभ्र दिवसाची चित्रमालिका फिरवा आणि ढगांऐवजी किनाऱ्यावर नजर ठेवा. किनारा उड्या मारत असेल, तर त्या दिवसाचे वारे विश्वासार्ह नाहीत.

उपग्रहाचे स्वतःविषयीचे म्हणणे पुरेसे नसते, म्हणून बाहेरची साक्ष काढतात. जागतिक हवामान संघटनेच्या पुढाकाराने २००५ पासून चालणाऱ्या परस्पर-अंशशोधन व्यवस्थेत भूस्थिर उपग्रहाचे अवरक्त चॅनेल ध्रुवीय उपग्रहांवरच्या अतिशय स्थिर वर्णपटमापकांशी, एकाच जागी, जवळपास एकाच वेळी आणि एकाच कोनातून पाहिलेल्या दृश्यांवर ताडून पाहिले जातात. दृश्य प्रकाशासाठी चंद्र, वाळवंटे आणि उंच गडगडाटी ढगांचे माथे वापरतात. हवामान प्रारूपेही उत्तम साक्षीदार ठरतात. मे २००८ मध्ये सोडलेल्या चीनच्या फेंगयुन-३ए या ध्रुवीय उपग्रहावरील सूक्ष्मलहरी तापमानमापकाची मोजमापे युरोपीय मध्यम-पल्ला अंदाज केंद्राच्या प्रारूपाशी ताडली गेली, तेव्हा फरकाची जी ठेवण दिसली तिच्यावरून त्याच्या चॅनेलची वारंवारिता कागदोपत्री आकड्यांपासून सरकलेली असल्याचा निष्कर्ष निघाला. वातावरणाच्या गणिताने ३६ हजार नव्हे, पण आठशेहून अधिक किलोमीटर उंचीवरच्या विद्युतमंडलातली तफावत पकडावी, याचे मला आजही अप्रूप वाटते.

अँटेना, राखीव संच, बॅटऱ्या, संदेशवहन या बाकीच्या चाचण्या तुलनेने लवकर आटोपतात, मात्र त्यांतही धक्के बसतात. ऑगस्ट २००२ मध्ये सोडलेल्या युरोपच्या मेटिओसॅट-८ या भूस्थिर उपग्रहाचा एक प्रवर्धक (संकेत बळकट करणारा भाग) चाचणीतच निकामी झाला, त्यामुळे वापरकर्त्यांना थेट त्या उपग्रहावरून डेटा पाठवण्याची योजना सोडून इतर दूरसंचार उपग्रहांमार्फत तो द्यावा लागला. नियमित सेवा जानेवारी २००४ मध्ये सुरू झाली.

उपकरण जितके नवे, तितका हा काळ लांबतो. जपानच्या हिमावरी-८ ने प्रक्षेपणापासून सेवेपर्यंत ७ ऑक्टोबर २०१४ ते ७ जुलै २०१५ असे बरोबर नऊ महिने घेतले. गोज-१६ नोव्हेंबर २०१६ मध्ये सुटला आणि डिसेंबर २०१७ मध्ये रुजू झाला. युरोपच्या तिसऱ्या पिढीच्या पहिल्या उपग्रहाला, ज्यावर प्रतिमा-उपकरण आणि वीज-नोंदक दोन्ही नवे होते, सुमारे दोन वर्षे लागली.

याचा अर्थ चाचणीतला डेटा कुलपात ठेवावा, असा मुळीच नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे चक्रीवादळ आले तेव्हा गोज-१६ अजून सेवेत नव्हता, तरी अंदाजकर्ते त्याची चित्रे पाहत होते, आणि ते योग्यच होते. ऑगस्ट २०२२ मध्ये तर चाचणीतल्या गोज-१८ ची चित्रे गोज-१७ च्या तापलेल्या तासांची जागा भरण्यासाठी वापरली गेली. वादळाचा डोळा कुठे आहे, हे पाहायला अर्ध्या अंशाची अचूकता लागत नाही.

तुमच्या अभ्यासाला मात्र ती लागते. अनेक वर्षांपूर्वी मी एका नव्या उपग्रहाचा चाचणी काळातला डेटा दीर्घ मालिकेत जोडला होता. एका आठवड्यापासून समुद्र ०.४ अंशांनी उबदार दिसू लागला, आणि मी त्याची कारणे वाऱ्यांत आणि प्रवाहांत शोधत बसलो. सगळ्या महासागरांवर एकाच तारखेला तीच पायरी दिसली, तेव्हा अंशशोधनाच्या नोंदी उघडल्या. त्याच दिवशी तक्ता बदलला होता. बदलाची सूचना प्रसिद्ध झालेली होती, मी वाचली नव्हती.

म्हणून तुम्ही आत्ता डेटा उतरवून ठेवा, वाचनाच्या आणि प्रक्रियेच्या प्रणाली त्यावर तयार करा, जुन्या उपग्रहाशी आणि समुद्रात तरंगणाऱ्या मापक बोयांच्या नोंदींशी तुलनाही सुरू करा. पण निष्कर्ष त्यावर बेतू नका. प्रत्येक फाइलसोबत अंशशोधनाची आवृत्ती नोंदवा. उपग्रहाच्या स्थानिक मध्यरात्रीच्या आगेमागे दोन-तीन तासांची मोजमापे वेगळी काढा आणि दिवसाच्या मोजमापांत मिसळू नका. येत्या विषुवदिनाचे आठवडे उलटल्यावर संस्था बहुधा सुधारित तक्त्यांनी सगळा डेटा नव्याने प्रक्रिया करून देईल. मालिकेत जोडायचा तो तोच.