पहिला दिवस शरीराच्या घड्याळाने आखा

परदेशातल्या नोकरीसाठी जाताना पहिल्या दिवसाची म्हणून तुम्ही केलेली यादी दोनदा वाचली. सकाळी सहाला विमान उतरणार, दहाला बँक, बाराला खोली बघून तिथेच करारावर सही, संध्याकाळपर्यंत सिमकार्ड आणि खरेदी, दुसऱ्या दिवशी नऊला ऑफिसात हजर. 'यात काही राहिलं का?' असं तुम्ही विचारलंय. राहिलं काहीच नाही. उलट यातलं निम्मं काढून टाका, असं मी कळकळीने सांगेन. अकरा वर्षांपूर्वी मीही जवळपास अशीच यादी घेऊन उतरले होते.

तुम्ही जिथे जाताय तिथलं घड्याळ तुमच्या आताच्या वेळेपेक्षा सात तास पुढे आहे. म्हणजे सकाळी सहाला उतराल तेव्हा तुमच्या शरीरात रात्रीचे अकरा वाजलेले असतील. बँकेच्या काउंटरवर पहाटेचे तीन. आणि करारावर सही कराल तेव्हा पहाटेचे पाच, तेही आदल्या रात्री धड झोप न होता. मी अशाच अवस्थेत सही केली होती. वर्षाच्या आत खोली सोडली तर उरलेल्या महिन्यांचं भाडं भरावं लागेल, हे कलम माझ्या डोळ्यांखालून गेलं होतं, डोक्यात शिरलं नव्हतं. ऑफिसला जायला-यायला रोज तीन तास लागत होते, तरी वर्ष तिथेच काढलं. तेव्हा निघण्यापूर्वीच आठवड्याभराची तात्पुरती सोय करून ठेवा आणि पहिल्या दिवशी कशावरही सही करू नका. त्या जागेचा पत्ता तिथल्या लिपीत कागदावर लिहून खिशात ठेवा, फोन बंद पडला तरी टॅक्सीवाल्याला दाखवता येतो.

पहिल्या दिवशी पूर्ण लक्ष लागेल अशी एकच जागा आहे, इमिग्रेशनचा काउंटर. पासपोर्ट हातात पडला की तिथेच उघडून बघा: प्रवेशाची तारीख, किती दिवसांची मुदत दिली, व्हिसाचा प्रकार कोणता नोंदवला. शिक्का न मारता नुसती डिजिटल नोंद करत असतील, तर ती कुठे बघायची ते तिथेच विचारा. माझी नोंद नोकरीऐवजी पाहुणी म्हणून झाली होती. नवव्या दिवशी ऑफिसातल्या कुणाच्या तरी लक्षात आलं आणि ते दुरुस्त व्हायला महिना गेला. काउंटरवर असतानाच बोलले असते तर ते दोन मिनिटांचं काम होतं. मागे रांग खोळंबलीय म्हणून संकोच करू नका.

सामानाचंही तसंच. बॅग आली नाही किंवा फुटून आली, तर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घेतल्याशिवाय सामान मिळतं त्या हॉलमधून बाहेर पडू नका. 1999 च्या माँट्रियल करारानुसार, म्हणजे आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या करारानुसार, बॅग फुटल्याची लेखी तक्रार ती मिळाल्यापासून 7 दिवसांत करावी लागते, आणि 21 दिवसांत बॅग आलीच नाही तर हरवल्याची भरपाई मागता येते.

तुम्ही रक्तदाबाच्या गोळ्या घेता, म्हणून हे सांगते. गोळ्या हातातल्या बॅगेतच ठेवा, मूळ पाकिटात, औषधाचं जेनेरिक नाव लिहिलेल्या चिठ्ठीसकट. वेळ सात तासांनी सरकल्यावर डोस कधी घ्यायचा, हे निघण्याआधी डॉक्टरांनाच विचारा, स्वतः ठरवू नका.

फोन आणि पैशांचं फार अवघड नाही. जुनं सिम बंद करू नका, बँकेचे ओटीपी त्यावरच येणार. एटीएमने किंवा कार्डाच्या मशीनने 'तुमच्या चलनात रक्कम घेऊ का?' असं विचारलं तर नाही म्हणा, स्थानिक चलन निवडा. बहुतेक वेळा तेच स्वस्त पडतं. चार्जरवर 100-240V लिहिलेलं आहे ना, म्हणजे तो तिथल्या व्होल्टेजवरही चालेल ना, तेवढं बघा. ॲडॅप्टरने फक्त प्लगचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही.

आता उन्हाबद्दल. 'उतरल्या उतरल्या सकाळच्या उन्हात फिरा' असं तुम्हाला सगळे सांगतील. सात तास पुढे जाताना हे उलटं पडतं. शरीराचं तापमान नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी दोन-तीन तास सर्वांत कमी असतं. तुम्ही सातला उठत असाल तर साधारण चार-साडेचारला, म्हणजे तिथल्या अकरा-साडेअकराला. त्याआधी प्रखर उजेड घेतला तर शरीराचं घड्याळ आणखी मागे सरकतं, त्यानंतर घेतला तर पुढे. म्हणून बारापर्यंत घरात राहा, बाहेर पडावंच लागलं तर गडद गॉगल लावा, आणि दुपारी मनसोक्त उन्हात चाला. झोप अनावर झाली तर अर्ध्या तासाचा गजर लावूनच आडवे व्हा.

संध्याकाळी सातच्या सुमारास पोटात खड्डा पडेल. 'इथे येऊन चूक तर नाही ना केली?' असं वाटेल. मी बॅगसुद्धा न उघडता तिच्यावर बसून रडले होते. त्या वेळी तुमच्या घरी दुपारचे बारा वाजलेले असतील, सगळे जागे असतील. फोन करा. मी घरच्यांना काळजी नको म्हणून तो केला नाही, याचं अजून वाईट वाटतं. रात्री एक-दोनला जाग येईलच. दिवा लावू नका, मोबाइल बघू नका, नुसते पडून राहा.

घड्याळ पुढे सरकवायचं असेल तर शरीर दिवसाला साधारण एकच तास जुळवून घेतं. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ऑफिसात बसाल तेव्हा तुमच्या शरीरात पहाटेचे तीन वाजलेले असतील, आणि नव्या साहेबांशी तुमची पहिली ओळख त्या अवस्थेत होईल. रुजू व्हायची तारीख तीन दिवस पुढे ढकलायची विनंती आजच लिहून पाठवा. तिकडे पोचल्यावर ती करणं अवघड जाईल.