वाचकांचे प्रश्न : लघुग्रहांवर पाळत ठेवण्यासाठी सरकारी पैसा कशाला?

लघुग्रहांच्या धडकेपासून पृथ्वीचे रक्षण करण्यासाठी सरकारने पैसा खर्च करावा का, असा प्रश्न आम्ही मागील अंकात वाचकांपुढे ठेवला होता. नागपूर, चंद्रपूर, वर्धा आणि बुलडाणा या जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा सूर विरोधाचा आहे. हा विरोध अज्ञानातून आलेला नसून अनुभवातून आलेला आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देणे मला आवश्यक वाटते. जागेअभावी चारच पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला तेव्हा आमच्या तळमजल्यात कंबरेइतके पाणी होते. धान्य, कागदपत्रे, मुलीच्या लग्नासाठी घेतलेले सामान, सारे चिखलात गेले. शहरात काही जणांचा जीवही गेला. ज्या देशात दर पावसाळ्यात हे घडते, त्या देशाने हजारो वर्षांत एकदा पडणाऱ्या दगडासाठी पैसे का मोजावेत?
— एक सेवानिवृत्त रेल्वे कर्मचारी, नागपूर

उत्तर : आपला प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचा पहिला भाग मी विनातक्रार मान्य करतो. नाग नदीच्या काठची संरक्षक भिंत आणि लघुग्रह शोधणारी दुर्बीण यांपैकी खरोखरच एकाचीच निवड करायची वेळ आली, तर मी भिंतीच्या बाजूने मत देईन. पूर दरवर्षी येऊ शकतो आणि तो कोणाच्या घरात शिरणार हे आपल्याला आधीच ठाऊक असते.

‘हजारो वर्षांत एकदा’ हे आपले म्हणणे मात्र दगडाच्या आकारावर अवलंबून आहे. आपल्याच विदर्भातले लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. ते अशनीच्या आघाताने झाले हे १९७० च्या दशकात खडकांच्या अभ्यासातून सिद्ध झाले. बेसॉल्ट खडकात असे विवर जगात फार क्वचित आढळते. त्याच्या वयाबद्दल संशोधकांत मतभेद आहेत. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे येते, तर दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. यांतला कोणताही आकडा घेतला तरी लोणारसारखी घटना आपल्या नातवंडांच्या हयातीत होण्याची शक्यता नगण्यच आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

लहान दगडांची गोष्ट वेगळी आहे. ३० जून १९०८ रोजी सायबेरियातील तुंगुस्का येथे हवेतच झालेल्या स्फोटाने सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरवरील जंगल आडवे झाले. तेथे वस्ती जवळजवळ नव्हती, हे केवळ नशीब. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातीलच चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे २० मीटरचा दगड फुटला आणि जवळपास दीड हजार माणसे जखमी झाली. तो सूर्याच्या दिशेने आल्यामुळे कोणत्याही दुर्बिणीला आधी दिसला नव्हता. एका शतकाहून थोड्या अधिक काळात एकाच देशात या दोन घटना घडल्या.

आता पैशाचे पाहू. या विषयावर सर्वाधिक खर्च अमेरिका करते, आणि तेथेही नासाच्या सुमारे २५ अब्ज डॉलरच्या वार्षिक अंदाजपत्रकात या कामाचा वाटा एक टक्क्याच्या आसपास असतो. भारताच्या अंतराळ विभागाची २०२५-२६ ची संपूर्ण तरतूद १३,४१६ कोटी रुपयांची आहे आणि तिच्यातून उपग्रह, प्रक्षेपक, गगनयान असे सारेच भागवायचे असते. चांद्रयान-३ चा खर्च सुमारे ६१५ कोटी रुपये सांगितला गेला. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा असून त्याचा खर्च सुमारे ५५ हजार कोटी रुपये आहे. त्या हिशोबाने चंद्रावर उतरण्याचा खर्च या महामार्गाच्या आठ किलोमीटरइतका भरतो. महामार्ग बांधू नये असे मला मुळीच म्हणायचे नाही. लोणारला जाणाऱ्या नागपूरकरांची त्याने मोठी सोय झाली आहे. रकमांचे प्रमाण डोळ्यांसमोर असावे, एवढ्यासाठी हे सांगितले. आकाश पाहणीवरचा खर्च थांबवल्याने नाल्यांवरची अतिक्रमणे हटणार नाहीत आणि तलावाचा सांडवाही रुंद होणार नाही, कारण ती कामे वेगळ्या तिजोरीतून होतात आणि बहुतेकदा पैशापेक्षा इच्छेपायी अडतात.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पुरासाठी दरवर्षी नव्याने तयारी करावी लागते. लघुग्रहाची कक्षा एकदा नीट मोजली की पुढील शंभर वर्षांचा हिशोब बऱ्याच अंशी हाती येतो. एक किलोमीटरहून मोठ्या पृथ्वीनिकट लघुग्रहांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक आज सापडले आहेत आणि त्यांतला एकही पुढील शतकात धडकणारा नाही. ही निश्चिंतता गेल्या पंचवीस-तीस वर्षांत, तुलनेने थोड्या पैशांत मिळाली. १४० मीटरहून मोठ्या वस्तूंपैकी मात्र निम्म्याहून अधिक अजून सापडायच्या आहेत. त्यांपैकी नव्वद टक्के २०२० पर्यंत शोधाव्यात असा कायदा अमेरिकी काँग्रेसने २००५ मध्ये केला होता. निधी अपुरा पडत गेला आणि मुदत उलटून गेली.

प्रश्न : गेल्या वर्षी एक लघुग्रह २०३२ मध्ये पृथ्वीवर आदळण्याची शक्यता तीन टक्के असल्याच्या बातम्या आल्या, नकाशात मुंबईही दाखवली गेली, आणि आठवडाभरात सारे शून्यावर आले. निधी मिळवण्यासाठी शास्त्रज्ञ भीती पसरवतात, असे माझ्या वसतिगृहातील अनेकांचे मत झाले आहे. आपले मत काय?
— विज्ञान शाखेची विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : ‘२०२४ वायआर४’ या लघुग्रहाबद्दल आपण विचारत आहात. तो २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतील अ‍ॅटलास दुर्बिणीला दिसला. धडकेची शक्यता १८ फेब्रुवारी २०२५ रोजी ३.१ टक्क्यांपर्यंत चढली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस जवळजवळ शून्यावर आली. २२ डिसेंबर २०३२ या तारखेसाठी जो संभाव्य पट्टा आखला गेला होता, तो पूर्व प्रशांत महासागरापासून आफ्रिका आणि अरबी समुद्रावरून दक्षिण आशियापर्यंत येत होता. मुंबईचे नाव आले ते त्यामुळे.

टक्केवारी आधी वाढून मग कोसळली, यात कोणाचीही लबाडी नाही. सुरुवातीला निरीक्षणे थोडी असतात, म्हणून त्या दिवशी लघुग्रह नेमका कोठे असेल याचा अंदाज लाखो किलोमीटर लांब पसरलेला असतो आणि पृथ्वी त्या लांबीत एक लहानसा तुकडा व्यापते. निरीक्षणे वाढत जातात तशी ही लांबी आखूड होते. पृथ्वी जोवर तिच्या आत आहे, तोवर तिचा वाटा टक्केवारीत वाढतच जातो. मग एका रात्री नव्या मोजमापाने ती लांबी पृथ्वीच्या पलीकडे सरकते आणि शक्यता एकदम शून्याकडे जाते. कागदावर एक रेघ ओढून, तिच्यावर एक ठिपका ठेवून, दोन्ही टोकांकडून रेघ खोडत आणून पाहा. वसतिगृहातील मैत्रिणींना हे दोन मिनिटांत पटेल.

दोष द्यायचाच असेल तर मी तो बातम्यांच्या मथळ्यांना देईन, कारण त्यांनी आकडा छापला आणि तो कसा बदलत जाणार आहे हे सांगितले नाही. शास्त्रज्ञांनी मात्र आकडा झाकून ठेवला नाही. तो झाकला असता आणि नंतर उघड झाला असता, तर आपण सर्वांनी त्यांना अधिक कठोर शब्द सुनावले असते.

या प्रकरणातली मला खरोखर अस्वस्थ करणारी बाब वेगळीच आहे. हा दगड सापडला तेव्हा तो पृथ्वीच्या सर्वांत जवळून जाऊन दोन दिवस झाले होते. पुढे जेम्स वेब दुर्बिणीने त्याचा आकार मोजला, तो सुमारे ६० मीटर भरला, म्हणजे एखादे शहर उद्ध्वस्त करण्यास पुरेसा. दिवसा सूर्याच्या बाजूने येणारे असे दगड जमिनीवरील दुर्बिणींना दिसतच नाहीत. त्यासाठी नासाची ‘निओ सर्व्हेयर’ ही अवरक्त (वस्तूची उष्णता टिपणारी) दुर्बीण अंतराळात पाठवण्याचे काम सुरू आहे; तिचा खर्च एक अब्ज डॉलरहून अधिक आहे. निधीच्या वादात खरा मुद्दा हा आहे.

प्रश्न : २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, आमच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे आकाशातून धातूचे मोठे कडे पडले. उद्या खरा लघुग्रह आला तर आम्हाला कोण कळवणार?
— एक शेतकरी, जि. चंद्रपूर

उत्तर : त्या संध्याकाळी आकाशातून सरकत जाणारे पेटते तुकडे नागपूरकरांनीही पाहिले आणि अनेकांना ती उल्का वाटली. लाडबोरीत पडलेले सुमारे तीन मीटर व्यासाचे कडे चिनी प्रक्षेपकाचा भाग असावे, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. पृथ्वीभोवती फिरणारा असा कचरा सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने, जवळजवळ आडवा येतो, म्हणून तो एकाच वेळी अनेक जिल्ह्यांतून दिसतो. लघुग्रहाचा वेग सेकंदाला अकरा किलोमीटरहून अधिकच असतो. अवकाशातील कचऱ्यावर लक्ष ठेवण्यासाठी इस्रोचा ‘नेत्र’ हा प्रकल्प आहे, आणि १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशा वस्तूने केलेल्या नुकसानीची जबाबदारी ती सोडणाऱ्या देशावर असते. लघुग्रहाला मालक नाही. तेथे भरपाई मागायला कोणीच नसेल.

सूचना कोण देईल, या आपल्या प्रश्नाला जोडूनच एक बिनखर्चाची गोष्ट सांगतो. चेल्याबिन्स्कला आधी डोळे दिपवणारा प्रकाश झाला आणि आघाताचा धक्का दोन-अडीच मिनिटांनी पोहोचला. मधल्या वेळात लोक काय झाले ते पाहण्यासाठी खिडक्यांशी गेले, आणि बहुतेक जण काचा लागूनच जखमी झाले. एका शाळेत चौथीच्या वर्गावरील शिक्षिकेने मुलांना ताबडतोब बाकांखाली बसवले. तिला स्वतःला काचा लागून गंभीर जखमा झाल्या, पण चाळीसहून अधिक मुलांपैकी कोणालाही इजा झाली नाही. विजेपासून बचाव कसा करावा हे आपल्या जिल्ह्यात गावोगावी सांगितले जाते, आणि ते सांगायलाच हवे, कारण वीज आपल्याकडे खरोखर माणसे मारते. त्याच कार्यक्रमात ‘आकाशात अचानक प्रखर प्रकाश दिसला तर काचेपासून दूर होऊन आडोसा घ्या’ हे एक वाक्य जोडता येईल. जिल्हा प्रशासनाकडे ग्रामसभेने तशी मागणी करावी.

प्रश्न : अमेरिका आणि युरोप हे काम करतच आहेत. मग भारताने त्यात पैसा घालून काय साधणार?
— एक चार्टर्ड अकाउंटंट, नागपूर

उत्तर : अमेरिकेने २६ सप्टेंबर २०२२ रोजी ‘डार्ट’ हे यान सुमारे १६० मीटरच्या डायमॉर्फोस या लघुग्रहावर मुद्दाम आदळवले. डायमॉर्फोस ज्या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो, त्याच्या प्रदक्षिणेचा वेळ ११ तास ५५ मिनिटांवरून सुमारे ३३ मिनिटांनी कमी झाला. म्हणजे दगड ढकलता येतो हे सिद्ध झाले आहे. या मोहिमेला सुमारे ३२५ दशलक्ष डॉलर, म्हणजे अडीच ते तीन हजार कोटी रुपये लागले. आपल्या अंतराळ विभागाच्या एका वर्षाच्या तरतुदीचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा होतो. केवळ ‘आम्हीही करून दाखवले’ असे म्हणता यावे म्हणून भारताने अशी मोहीम आखणे मला योग्य वाटत नाही.

शोध आणि पाठपुरावा यांचे गणित निराळे आहे. दगडाचा वेग सेकंदाला एक सेंटिमीटरने बदलला, तर दहा वर्षांत तो सरळ हिशोबाने तीन हजार किलोमीटरहून अधिक बाजूला जातो. तोच बदल महिनाभर आधी केला तर तो जेमतेम २६ किलोमीटर सरकतो. ढकलण्याची सारी ताकद आधी कळण्यात आहे. प्रमुख शोध-दुर्बिणी अ‍ॅरिझोना, हवाई, चिली आणि दक्षिण आफ्रिकेत आहेत. अमेरिकेत दिवस असतो तेव्हा लडाखमधील हानले येथे रात्र असते, आणि नुकत्याच सापडलेल्या वेगवान दगडाचा माग तुटू न देण्यासाठी आशियातील दुर्बिणींची गरज पडते. हानलेला आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था यांची ७० सेंटिमीटरची ‘ग्रोथ-इंडिया’ दुर्बीण असे काम करतेही. पण ती याच एका कामासाठी राखलेली नाही.

शिवाय दुसऱ्याच्या तिजोरीवर विसंबणे किती भरवशाचे, हे २०२५ मध्ये दिसले. नासाचा विज्ञानावरील खर्च जवळजवळ निम्म्यावर आणण्याचा प्रस्ताव अमेरिकी सरकारने मांडला. १३ एप्रिल २०२९ रोजी पृथ्वीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटर अंतरावरून जाणाऱ्या अ‍ॅपोफिस या लघुग्रहाकडे निघालेली मोहीम बंद करणेही त्यात होते. तेथील काँग्रेसने ती कपात बहुतांशी मान्य केली नाही, पण दरवर्षी असेच होईल याची हमी कोणी द्यावी?

आपण हिशोबातले जाणकार आहात, म्हणून एक विनंती करतो. अंतराळ विभागाच्या मागण्यांवर संसदेत चर्चा होते तेव्हा आपल्या खासदारांमार्फत तीन गोष्टी विचाराव्यात : पृथ्वीनिकट लघुग्रहांच्या निरीक्षणासाठी वेगळी रक्कम किती ठेवली आहे, केवळ याच कामासाठी राखीव दुर्बीण कधीपर्यंत उभी राहील, आणि अ‍ॅपोफिसच्या अभ्यासात भारताचे एखादे उपकरण सहभागी होणार की नाही. शेवटच्या प्रश्नाला मुदत आहे. २०२९ साठी उपकरण बनवायचे तर निर्णय आताच व्हायला हवा.