ॲसिड उडालं? आधी नळ सोडा, मग बाकीचं बोला

प्रश्न : इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालताना मिस्टरांच्या हातावर आणि पँटवर ॲसिड उडालं. सासूबाई म्हणाल्या खायचा सोडा लाव, शेजारच्या काकू म्हणाल्या टूथपेस्ट. दोघींचं मन राखायला दोन्ही लावलं. काही चुकलं का? — एक वाचक, लातूर

ताई, मन राखलंत पण हात नाही राखला. सोड्याचा डबा शोधण्यात जी दोन मिनिटं गेली ना, तेवढ्यात ॲसिडने आपलं काम करून घेतलं आणि वरून पेस्ट थापल्यावर ते आतच अडकलं, शिवाय डॉक्टरांना ती खरवडून काढावी लागते ते वेगळंच. चुना, हळद, तूप, बर्फ यातलं काहीच नको. फक्त साधं पाणी, वाहतं, निदान २० मिनिटं. ही २० मिनिटं फार मोठी असतात हो, माणूस चार मिनिटांत कंटाळून "झालं आता" म्हणतो, म्हणून सरळ मोबाईलवर टायमर लावा. आता तुम्ही म्हणाल, २०१६ साली आमच्याकडे पाणी रेल्वेने आलं होतं आणि हे सांगतायत २० मिनिटं नळ सोडा! कबूल. मग बॅटरीची झाकणं उघडायच्या आधीच दोन बादल्या भरून शेजारी ठेवायच्या, तांब्याने ओतत राहायचं.

पाणी ओतता ओतताच पँट काढायची, अंगठी घड्याळ पण. मी कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये बरीच वर्षं काढली, तिथे पोरं म्हणायची सर काही नाही दोनच थेंब उडालेत, आणि आठवड्याने जीन्स घरी धुतली की मांडीवर चाळणी! बॅटरीतलं सल्फ्युरिक ॲसिड पातळ असतं पण त्यातलं पाणी उडून जातं, ॲसिड कपड्यातच राहतं आणि घट्ट होत जातं. खाली कातडी असते हे लक्षात ठेवा. नंतर फोड आला, कातडी पांढरी किंवा काळी पडली, किंवा भाजलेला भाग तळहाताएवढा असला तर दवाखाना गाठायचा.

आणि हो, बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं, ॲसिड नाही. लेव्हल बघायला काडी ओढू नका, चार्जिंगला हायड्रोजन निघतो, भडका उडून सगळं तोंडावर येईल. टॉर्च घ्या, डोळ्याला गॉगल.

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातले, केरळात गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं दुकान आहे. चांदीवर तेजाब (नायट्रिक ॲसिड) ओतलं की तपकिरी धूर येतो, रुमाल बांधतो. थोडा खोकला येतो, मग बरं वाटतं. चालेल ना?

नाही चालणार दादा, आणि मला काळजी त्या "मग बरं वाटतं"चीच आहे. तो धूर म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. अमोनियासारखा नाकाला झोंबून तो माणसाला पळवून लावत नाही, पाण्यात पटकन विरघळत नाही म्हणून नाकाघशात न अडकता थेट फुफ्फुसात खोल उतरतो. संध्याकाळी माणूस जेवतो, झोपतो, आणि रात्री कधीतरी फुफ्फुसात पाणी भरायला लागतं, धाप लागते. म्हणून जास्त धूर गेला असेल तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी हॉस्पिटलला जायचं आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं, नायट्रिक ॲसिडचा धूर गेलाय, नाहीतर ते साध्या खोकल्याचं औषध देऊन घरी पाठवतील. रुमाल ओला करा की कोरडा, गॅस अडत नाही, धुळीचा मास्कही नाही. काम एक्झॉस्ट लावलेल्या धुराड्याखालीच करायचं. बोटं पिवळी पडतात ती कातडीतल्या प्रोटीनवर नायट्रिक चढल्यामुळे, ग्लोव्हज घालत नाही याची पावतीच ती.

सोन्याचं मिश्र तेजाब (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड एकत्र) उरलं तर घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून ठेवू नका, आत गॅस साठून बाटली फुटते. आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर कुठलंच तेजाब नको, दुकानात पोरंटोरं येतात. कोणी चुकून प्यायलंच तर उलटी करवायची नाही, वर येताना ते अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळतं. तोंड धुवायचं, खायला प्यायला काही न देता १०८ लावायचा आणि बाटली सोबत न्यायची.

प्रश्न : संडास साफ करायला ॲसिड आणि ब्लीच एकत्र टाकलं तर जास्त स्वच्छ होतं का?

क्लोरीन गॅस होतो, बाई. आत्ता एकत्र झालंच असेल तर बादलीशी खटपट न करता बाहेर या, दार मोकळं ठेवा, खोकला थांबत नसेल तर डॉक्टर.

प्रश्न : नातवाने आजोबांची चुन्याची पुडी दाबली, डोळ्यात उडाला. चुना काही ॲसिड नाही, मग एवढं काय?

ॲसिड नाही, अल्कली आहे, आणि डोळ्याला ते बऱ्याचदा ॲसिडपेक्षा वाईट, कारण थांबतच नाही, आत आत मुरत जातं. पोराला आडवं करा, पापणी दोन बोटांनी उघडी धरा, रडू दे, तांब्याने पाणी सोडत राहा, पापणीखाली चुन्याचे कण राहिले असतील तर तेही धुऊन काढा, अर्धा तास तरी, आणि लगेच डोळ्यांचा डॉक्टर, उद्या सकाळी नाही. पुडी आजोबांच्या कनवटीला राहू दे, खाटेवर नको.