सनद हाती आली, आता पहिले काम कोठे?

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी असून यंदा एलएल.बी. होऊन वकिलीची सनद (परवाना) घेतली आहे. परभणीचे एक ज्येष्ठ वकील त्यांच्याकडे काम शिकायला बोलावतात, परंतु पैशांविषयी बोलत नाहीत. नांदेडला एका वित्तसंस्थेच्या वसुली विभागात पूर्णवेळ नोकरी मिळते आहे. सनद तशीच ठेवून नोकरी करावी आणि पुढे न्यायाधीशपदाची परीक्षा द्यावी का?

उत्तर : सनद तशीच ठेवता येणार नाही. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियम ४९ नुसार वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. रुजू होताच राज्य बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करावी लागते. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली असून, तिच्यासाठी किमान १० वर्षे वकिली केलेल्या वकिलाचे, न्यायिक अधिकाऱ्याने पृष्ठांकित (सहीने दुजोरा) केलेले प्रमाणपत्र लागते. वसुलीच्या नोकरीतील वर्षे त्यात धरली जाणार नाहीत.

म्हणून माझा कौल परभणीला आहे, मात्र होकार देण्यापूर्वी आठवडाभर त्या वकिलांच्या मागे न्यायालयात बसा. तेथील ज्युनिअर केवळ तारखा घेतात आणि मुदतवाढीचे अर्ज देतात, की दावा, कैफियत (दाव्याला लेखी उत्तर), मनाई हुकुमाचा अर्ज स्वतः लिहून सिनिअरकडून दुरुस्त करून घेतात, हे पाहा. उलटतपासणीची तयारी ज्युनिअरला सोबत बसवून होत असेल, तर ते कार्यालय सोडू नका. मराठवाड्यात जमिनीचे दावे शिकणे हे तर वेगळेच शिक्षण आहे. १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट कायदा, खासरा पत्रक (जमिनीची जुनी महसुली नोंद) आणि निजामकाळातील उर्दू नोंदी यांचा मेळ कसा घालायचा, हे जुन्या फायली चाळल्यावाचून उमगत नाही, आणि ते जाणणारे वकील आता थोडे उरले आहेत.

पैशांविषयी संकोच करू नका. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात दरमहा २०,००० व ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस केली आहे. ती बंधनकारक नसली तरी बोलणे सुरू करायला पुरेशी आहे. निदान खोलीचे भाडे आणि एसटीचा खर्च निघेल, एवढी रक्कम पहिल्याच भेटीत ठरवून घ्या.

तेही न जमल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. तेथील लोक अभिरक्षक कार्यालयात (गरीब आरोपींना मोफत वकील देणाऱ्या कार्यालयात) सहायक म्हणून ० ते ३ वर्षे वकिली केलेल्यांची मानधनावर नेमणूक होते. खासगी प्रकरणे घेता येत नाहीत, पण गरीब आरोपींच्या जामिनापासून खटल्यापर्यंतचे काम रोज करायला मिळते.