मुलीच्या अंगणातील मॅग्नोलिया आणि निफाडची थंडी

नमस्कार. आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: अमेरिकेतल्या मिनिॲपोलिसला स्थायिक झालेल्या आपल्या मुलीने अंगणात कोणता मॅग्नोलिया (मोठ्या फुलांचे एक झाड) लावावा, आणि निफाडला पारा चार-पाच अंशांवर उतरतो, तर तेच झाड आपल्या मळ्यात का लावू नये. दोन्हींची उत्तरे एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे एकत्रच लिहितो.

झाड घेताना बहुतेक जण ते किती थंडी सोसते एवढेच विचारतात. अमेरिकेत त्याचे उत्तर रोपाच्या चिठ्ठीवर छापलेले असते, कारण तिथल्या कृषी खात्याने हिवाळ्यातील सरासरी नीचांकी तापमानावरून देशाचे विभाग पाडले आहेत. चौथ्या विभागात पारा साधारण उणे ३४ ते उणे २९ अंशांपर्यंत जातो, पाचव्यात उणे २९ ते उणे २३ पर्यंत. २०२३ च्या नकाशात मिनिॲपोलिस पाचव्याच्या थंड अर्ध्यात आले आहे, तरी मी चौथ्या विभागात तगणारेच झाड निवडीन. मात्र या आकड्यावरून झाड जगेल की नाही एवढेच कळते. फूल पाहायला मिळेल की नाही, हे कळत नाही, आणि मॅग्नोलिया कोणी पानांसाठी लावत नाही.

माझ्या मुलाने शिकागोजवळच्या घरी सूलांजियाना मॅग्नोलिया लावला होता. पॅरिसजवळ १८२० च्या दशकात दोन चिनी जातींच्या संकरातून तयार झालेले हे झाड आज सर्वाधिक लावले जाते, आणि फसवतेही तेच. त्याने ते हौसेने दक्षिणेच्या विटांच्या भिंतीलगत, उबेच्या जागी लावले. एप्रिलमध्ये मी तिथे असताना आठवडाभर चांगले ऊन पडले आणि पेल्याएवढी गुलाबी फुले उमलली. मग एका रात्री पारा उणे चारवर गेला. सकाळी सगळे झाड भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखे दिसत होते. अर्धवट उघडलेली एक कळी मी नखाने सोलून पाहिली, तर बाहेरचे मांजराच्या पंजासारखे लवदार आवरण जसेच्या तसे होते, आणि आतल्या पाकळ्या चहाच्या चोथ्याच्या रंगाच्या झाल्या होत्या. मे महिन्यात त्याच झाडाला उत्तम पालवी आली. म्हणजे झाडाला काहीही झाले नव्हते, गेला तो फक्त वर्षाचा बहर.

द्राक्षे करणाऱ्याला याचे कारण चटकन कळेल. खरड छाटणीनंतर (वर्षातली पहिली छाटणी) उन्हाळ्यात वेलीच्या डोळ्यांत म्हणजे कोंबांच्या कळ्यांत सूक्ष्मघड तयार होतात आणि ते दिसतात ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. त्याचप्रमाणे मॅग्नोलियाची पुढच्या वसंताची कळी आदल्या उन्हाळ्यातच घडते. लवदार आवरणात मिटलेली असताना ती हिवाळा सोसते, पण आवरण गळून पाकळी बाहेर आली की शून्याखालचे दोन-तीन अंशही तिला पुरतात. म्हणूनच या झाडाची छाटणी करायचीच असेल तर ती फुले सरल्यावर लगेच करावी. शरद ऋतूत कात्री चालवली तर पुढचा बहरच कापला जातो.

मुलीसाठी माझी पहिली पसंती ‘मेरिल’. जपानी कोबुस आणि तारका मॅग्नोलिया यांच्या संकरातले हे झाड बोस्टनच्या अर्नोल्ड उद्यानात तयार झाले. ते काटक आहे आणि पांढऱ्या फुलांनी लगडते. जागा लहान असेल तर तारका मॅग्नोलियातील ‘रॉयल स्टार’ घ्यावे. ही दोन्ही लवकर फुलतात, त्यामुळे एखाद्या वर्षी फटका बसणारच, परंतु ‘रॉयल स्टार’च्या कळ्या टप्प्याटप्प्याने उघडत असल्याने सगळे एका रात्रीत जात नाही. ज्यांना तेवढेही सोसत नाही त्यांनी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात १९५० च्या दशकात केलेल्या संकरांकडे वळावे. त्या आठ वाणांना ॲन, बेटी, जेन, सुझन अशी घरगुती नावे आहेत. तारकेपेक्षा सुमारे दोन आठवडे उशिरा फुलणे हाच त्यांचा मोठा गुण; जांभळट ‘जेन’ मला त्यांत सर्वांत भरवशाचे वाटते. पिवळे फूल हवे असल्यास ‘यलो बर्ड’ आहे. त्याच्या रक्तात अमेरिकेचाच काकडी-मॅग्नोलिया आहे (कोवळे फळ काकडीसारखे दिसते म्हणून ते नाव), आणि कॅनडात नैसर्गिकरीत्या वाढणारा तो एकमेव मॅग्नोलिया आहे. यलो बर्डची फुले पालवीबरोबर, म्हणजे बरीच उशिरा येतात.

जागा निवडताना माझ्या मुलाची चूक टाळावी. घराची उत्तर बाजू, जिथे जमीन उशिरा तापते, तिथे कळ्याही उशिरा जाग्या होतात. मुळे मांसल आणि ठिसूळ असल्यामुळे रोप वसंतातच लावावे, खोल गाडू नये, बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवावे आणि एकदा लावलेले झाड हलवू नये.

आता निफाड. आपल्याकडची थंडी बागेत शेकोट्या पेटवायला लावते हे खरे, पण ती काही रात्रींपुरती असते आणि दुपारी पुन्हा पंचवीस-सत्तावीस अंश होतात. या झाडांना विश्रांतीतून उठण्यासाठी सलग कित्येक आठवड्यांची थंडी लागते. द्राक्षालाही आपल्याकडे ती पुरत नाही, म्हणून तर आपण ऑक्टोबर छाटणीनंतर डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड हे डोळे फोडणारे रसायन लावतो. त्यात एप्रिल-मेमधले चाळीस अंश आणि चुनखडीची काळी जमीन. या झाडांना किंचित आम्ल माती लागते. शिवाय परवान्याशिवाय रोप परदेशातून आणता येत नाही, तेव्हा बॅगेतून आणण्याचा विचार सोडून द्यावा.

तसे पाहता आपल्या दारात मॅग्नोलिया आधीपासूनच आहे. सोनचाफा याच कुळातला, याच प्रजातीचा. देवळापाशी दिसणारा पांढरा चाफा मात्र वेगळ्याच कुळातला. मोठे पांढरे फूलच हवे असेल तर हिमचंपा लावावा. नावात हिम असले तरी तो अमेरिकेच्या उष्ण, दमट आग्नेय भागातला आहे. माझ्याकडे तो विहिरीजवळ, दुपारच्या सावलीत उभा आहे. चुनखडीमुळे पाने अधूनमधून पिवळी पडतात, तेव्हा शेणखताबरोबर चिलेटेड, म्हणजे मुळांना सहज घेता येणारे, लोह देतो. रोप घेताना कलमाचेच घ्या, बियांच्या रोपाला पहिले फूल यायला दहा वर्षांहून अधिक काळही लागतो.