वाचकांचे प्रश्न : स्वतःसाठीचा वेळ जातो कुठे?

प्रश्न : मी पूर्णवेळ नोकरी करते. घरी शाळेत जाणारी दोन मुले आणि वयस्कर सासूबाई आहेत. सकाळी सहाला उठल्यापासून रात्री साडेदहापर्यंत मी कोणाच्या ना कोणाच्या कामात असते. सगळे झोपले की मोबाइल हातात घेते आणि एक कधी वाजतो ते समजत नाही. व्यायामाचा वर्ग दोनदा लावला आणि दोन्ही वेळा सोडून दिला. माझे यजमान म्हणतात, ‘‘रोज दोन तास मोबाइलवर घालवतेस, मग वेळ नाही असे कसे म्हणतेस?’’ या बोलण्याचा राग येतो, पण त्यावर काय उत्तर द्यावे तेही सुचत नाही. — एक वाचक

उत्तर : तुमच्या यजमानांचा हिशेब घड्याळापुरता बरोबर आहे आणि तेवढ्यापुरताच. रात्री अकरानंतरचे दोन तास आणि संध्याकाळचे दोन तास यांची किंमत सारखी नसते, कारण दिवसभर दुसऱ्यांच्या गरजांप्रमाणे चालून थकलेल्या माणसाकडे त्या वेळी पुस्तक उघडण्याइतकीच काय, उठून झोपायला जाण्याइतकीही इच्छाशक्ती उरलेली नसते. कोणीही अडवलेले नसताना झोप पुढे ढकलत राहण्याच्या या सवयीचा अभ्यास नेदरलँड्समधील संशोधकांनी 2014 साली प्रसिद्ध केला आणि तिचा संबंध स्वतःला आवरण्याच्या क्षमतेशी जोडला. मला मात्र तुमच्या पत्रात आणखी एक गोष्ट दिसते. ज्यांचा दिवस स्वतःचा नसतो, ती माणसे रात्र स्वतःची करून घेतात. त्यामुळे मोबाइल सोडण्याची नुसती शपथ घेऊन फारसे साधणार नाही. दिवसा, अंगात थोडे त्राण असताना, तुमचा असा थोडा वेळ तुम्हाला मिळाला, तर रात्रीची ही ओढ बरीच कमी होईल.

तरीही पहिला हक्क झोपेचाच आहे. प्रौढ व्यक्तीने रोज किमान 7 तास झोपावे, असे निद्राविकारतज्ज्ञ सांगतात. सहाला उठायचे असेल, तर अकराला डोळा लागलेला हवा. एक वाजता झोपून केलेली स्वतःची कोणतीही काळजी ही उसनवारीच ठरते.

आता दिवसाच्या वेळेविषयी. तुमच्या दिवसात रिकामी मिनिटे अजिबात नसतील असे मला वाटत नाही, पण ती सलग नसतात आणि खरी अडचण तिथे आहे. तुम्ही वाचायला बसता, दुसऱ्या पानावर मुलगा चार्जर कुठे आहे म्हणून विचारतो, तो शोधून देताना फोनवर ऑफिसच्या ग्रुपचा संदेश दिसतो, त्याला उत्तर देता देता शाळेची सूचना वाचली जाते, आणि पुस्तकाकडे परत येता तेव्हा डोळे ओळींवरून फिरत असले तरी मन त्या सूचनेतच असते. एक काम सोडून दुसऱ्याकडे वळताना लक्षाचा काही भाग मागच्या कामातच अडकून राहतो, हे सोफी लेरॉय या संशोधिकेने 2009 मध्ये दाखवले आहे. म्हणून पाच वेळा मोडलेला अर्धा तास कागदावर अर्धा तास असला, तरी त्यातून विश्रांती मिळत नाही.

तेव्हा तासभराचा हट्ट सोडा आणि न मोडणारी वीस मिनिटे धरा. ती ‘वेळ मिळाला की’ अशी ठेवू नका, कारण तसा वेळ कधीच मिळत नाही. रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीच्या पाठोपाठ ठेवा. ‘ऑफिसातून आले, पर्स ठेवली, की खोलीचे दार लावायचे’ इतके नेमके ठरवलेले बेत मोघम संकल्पांपेक्षा जास्त वेळा पार पडतात, असे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे. फोन दुसऱ्या खोलीत असावा. बसण्याआधी डोक्यात घोळणारी कामे आणि त्यातले कोणते केव्हा करणार हे कागदावर उतरवा. अर्धवट कामाचा बेत पक्का झाला की ते मनाला कमी टोचते, असे 2011 मधील एका अभ्यासात आढळले आहे. त्या वीस मिनिटांत काय करायचे ते तुम्ही ठरवा. नुसते पडून राहिलात तरी चालेल.

व्यायामाचा वर्ग सुटला याचे वाईट वाटून घेऊ नका. जाण्यायेण्यासह दीड तास मागणारी गोष्ट तुमच्या सध्याच्या दिवसात बसणारी नव्हती. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवते, आणि ती एका वेळी किमान दहा मिनिटे तरी असावी ही जुनी अट 2020 च्या शिफारशींत काढून टाकली आहे. त्यामुळे भरभर चाललेली सात मिनिटेही हिशेबात धरली जातात.

राहिले यजमानांचे. वर सांगितलेली वीस मिनिटे घरातल्या दुसऱ्या कोणीतरी सांभाळल्याशिवाय मिळणार नाहीत, आणि याबाबतीत केवळ तुमच्या शिस्तीला उपदेश करणे मला अन्यायाचे वाटते. ‘मला मदत करा’ असे मोघम सांगण्याऐवजी ‘साडेसहा ते सात मुले आणि आई तुमच्याकडे, त्या वेळात मला हाक मारायची नाही’ असे स्पष्ट सांगा. भांडणाच्या ओघात नको, सुट्टीच्या दिवशी शांतपणे सांगा. महिनाभर पुरेशी झोप घेऊनही थकवा हटला नाही, तर डॉक्टरांकडे जाऊन रक्तातील हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या.

प्रश्न : मी एकटा राहतो आणि घरूनच काम करतो. पहाटे उठणे, ध्यान, व्यायाम, रोजनिशी, वाचन असा कार्यक्रम एका अ‍ॅपवर आखला आहे. चार-पाच दिवस तो चालतो, मग एक दिवस चुकतो, अ‍ॅपवरचा आकडा शून्यावर येतो आणि सगळेच सुटते. — एक वाचक

उत्तर : तुम्ही स्वतःसाठी दुसरी नोकरीच लावून घेतली आहे. लंडनमधील एका विद्यापीठाच्या 2010 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात, एक साधी सवय अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचा मध्यक 66 दिवस निघाला, म्हणजे निम्म्या लोकांना त्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त दिवस लागले. कोणाला 18 दिवस पुरले, तर कोणासाठी अंदाज 254 दिवसांपर्यंत गेला. आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. अ‍ॅपने दाखवलेला शून्य हा अ‍ॅपचा नियम आहे, तुमच्या शरीराचा नव्हे. पाचपैकी एकच गोष्ट ठेवा, जी केल्यावर उरलेला दिवस तुम्हाला खरोखर बरा जातो ती, आणि अ‍ॅपमधली दिवस मोजण्याची सोय बंद करा. घरून काम करणाऱ्याला पहाटेपेक्षा संध्याकाळ जास्त सांभाळावी लागते, म्हणून काम संपण्याची वेळ ठरवून त्या वेळी लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवा आणि घराबाहेर एक फेरी मारून या.